मधल्या चार ओळी

त्या उन्हाळ्यात कालव्याचं पाणी दोनदा चुकलं. आपण शहरात आहोत असं कागदावर ठरून आम्हाला बरीच वर्षं झाली होती. पण पाणी पेठांमधल्या नळांना जायचं आणि हडपसरच्या आमच्या बाजूला नुसता कालवा उरायचा, तळाला वाळल्या शेवाळाचे पापुद्रे धरून. आसपासच्या सगळ्या मळ्यांत मिळून एकाच विहिरीला पाणी होतं. ती तुळजाआत्याच्या तुकड्यातली विहीर.

तुळजाआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. सासरच्यांनी नांदवली नाही तेव्हा आजोबांनी तिला कालव्याकडेचा तुकडा कसायला दिला, आणि ते गेल्यावर सातबाऱ्यावर अण्णांच्या नावाखाली तिचंही नाव लागलं. ती राहायची आमच्यात, जेवायची आमच्यात, पण तुकड्यात कुणाला हात लावू द्यायची नाही. पंपाच्या खोलीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला असायची. आंघोळीलाही उतरत नसे. आई म्हणायची, वन्सं एक वेळ मंगळसूत्र काढून ठेवतील, किल्ली काढायच्या नाहीत. मंगळसूत्र तर आत्याने केव्हाच विकलं होतं. त्यातूनच तो पंप आला होता.

आत्या कोथिंबीर करायची. पहाटे पाणी देऊन ठेवायची, म्हणजे दुपारी माती सैल होऊन काडी मुळासकट येते. ऊन कलायला लागलं की आम्ही दोघी उपटायला बसायचो. पायाच्या टाचांवर बसून पुढे सरकत जायचं. वाफा संपेपर्यंत गुडघे सरळ होत नाहीत. मग शेवग्याच्या विरळ सावलीत ढीग घालायचा, आणि आत्या जुड्या बांधायची. केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या पट्ट्या तिच्या मांडीवर असत. मूठभर काड्या, मुळं एका पातळीला ठोकायची, पट्टीचे दोन वेढे, गाठ. हे करताना ती बघत नसे.

मी त्या वेळी वाचायचे. म्हणजे आत्यासाठी वाचायचे. आत्याला अक्षर येत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. दहावीच्या पुस्तकात एका कादंबरीतला उतारा होता. कोंडीराम नावाचा पोरगा शिकायला शहरात जातो; निघताना आई त्याला घराच्या कुलपाची किल्ली देते आणि म्हणते, कधीही ये, मी शेतात असले तरी तुला दार उघडता आलं पाहिजे. मी तो धडा पाठ करत होते आणि आत्या ऐकत होती. धडा संपला तसं तिने विचारलं, "म्होरं?" मी म्हटलं, पुढे स्वाध्याय आहे. तिला ते पटलं नाही. पोरगं एसटीत बसवून दिलं आणि पुस्तकवाले घरी गेले, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी मी मराठीच्या बाईंना विचारून शाळेच्या कपाटातली आख्खी कादंबरी आणली. जाडजूड, पुठ्ठा सुटलेली. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आता ती कुठे मिळत नाही.

लिहिणाऱ्याला ढगांचं फार होतं. दर चार पानांनी ढग यायचे, अर्धं अर्धं पान खायचे. मला कोंडीरामचं पुढे काय होतं त्याची घाई. मी ढग गाळायचे. डोळे सरळ पुढच्या परिच्छेदावर न्यायचे आणि आवाज तसाच ठेवायचा. त्यात मला चांगला हात बसला होता, असं मला वाटत होतं.

"गाळलंस," आत्या म्हणायची.

"काही नाही गाळलं."

"मग माझा हात का थांबला?"

खरंच तिचा हात थांबलेला असायचा, गाठ अर्धी. वाचण्याच्या लयीवर तिच्या जुड्या बांधल्या जायच्या, आणि मी उडी मारली की लय तुटायची. माझ्या श्वासावरून कळायचं तिला की गिळण्यावरून, कोण जाणे. मी मुकाट मागे जायचे आणि ढग वाचून दाखवायचे.

"ढग गाळत जाऊ नको, नंदे," ती म्हणायची. "त्याच्यावर माजं पोट हाय."

स्वाध्यायात प्रश्न होता : किल्ली हे कशाचे प्रतीक आहे? चार गुण. बाईंनी उत्तर लिहून दिलं होतं, की किल्ली हे आईच्या मायेचे व घराशी असलेल्या अतूट नात्याचे प्रतीक आहे. प्रतीक म्हणजे काय हे मी आत्याला समजावून सांगितलं, तेव्हा मला स्वतःलाच फार शिकल्यासारखं वाटलं होतं. एक वस्तू असते आणि ती दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी असते, असं म्हटलं. आत्याने जुडी ढिगावर टाकली.

"किल्ली पोराकडं शहरात, अन् कुलूप गावच्या दारात. हिथं माया कुठनं आली? बाईला म्हणावं, किल्लीनं दार उघडलं तर किल्ली. न्हाईतर नुसतं लोखंड."

मी बाईंचंच उत्तर लिहिलं. चारपैकी चार मिळाले असणार, कारण मराठीत मी शाळेत दुसरी आले.

परीक्षा झाली आणि एप्रिलपासून मच्छिंद्रचं येणं वाढलं. मच्छिंद्र गावातलाच, अण्णांचा शाळेतला जोडीदार, आता जमिनी जमवून द्यायचा. मोटारसायकल दारात लावून उशीवर टाकावा तसा पाय तिच्यावर लांब करून बसायचा. कालव्यापलीकडे कंप्युटरवाल्यांच्या इमारती होणार होत्या. पलीकडचे मळे गेले होते, आता कंपनीला अलीकडची बाजूही हवी होती, सलग. सलग हा शब्द मच्छिंद्र फार जपून उच्चारायचा. आमची सगळी जमीन सलग होती, मध्ये फक्त आत्याचा तुकडा. आणि वकील म्हणत होता की बहिणीच्या हक्कसोडीशिवाय कागद पुढे सरकत नाही.

हक्कसोड आमच्याकडे नवी नव्हती. दिवाळीला बहीण आली की तिला लुगडं नेसवायचं, गोडाधोडाचं जेवण घालायचं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत न्यायचं. माहेर तुटू नये म्हणून बायका सही करत, अंगठा देत. आईने तिच्या भावांना दिली होती. त्या वेळचं हिरवं इरकल अजून पेटीत होतं, घडी न मोडलेलं. पण आत्याला नेसवायला ती पाहुणी म्हणून यायला हवी होती. ती तर घरातच.

अण्णांनी एकदाच तिला विचारलं. जेवताना, ताटाकडे बघत. आत्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी मेल्यावर सारं तुजंच हाय, दत्तू. मला मरू तर दे." बस. अण्णांनी ताट सारून हात धुतला.

आठ दिवसांनी ते मला कालव्यावर घेऊन गेले. असं ते मला कधी कुठे नेत नसत. न्यायचे ते रणजितला, माझ्या थोरल्या भावाला. कालव्याच्या भिंतीवर बसलो. अण्णांचे तळवे नांगराच्या मुठीने निबर झालेले, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो हलका होता. तुझं वाचन चांगलं आहे, म्हणाले. बाईंनी सांगितलं त्यांना. सदाशिव पेठेत कंप्युटरचा क्लास आहे, तिथे तुझं नाव घालायचं ठरवलंय. या पलीकडच्या इमारती उभ्या राहतील तेव्हा आत बसायला कोण? आपल्याच पोरी.

मी पलीकडे बघितलं. नुसते खांब उभे होते, त्यावर कावळे. तरी मला त्यात काचेमागे बसलेली मी दिसले.

मग त्यांनी कागद काढला. आत्याला सांगितलंय की रस्त्यासाठी संमती हवी, आपल्या हद्दीतून रस्ता जाणार, तिच्या तुकड्याला धक्का नाही. आणि धक्का लागणारच नाहीये, म्हणाले. विहीर तशीच राहील, तिला कुंपण घालून देतील, आपण बांधू त्या बंगल्यात तिची वेगळी खोली असेल. पण वकिली भाषा आडमुठी. म्हातारी ऐकेल आणि उगाच बिथरेल. आणि मच्छिंद्रने वाचून दाखवलं तर ती अंगठा देणार नाही; नंदीच वाचंल, असं म्हणतीया.

"वरचं नाव-गाव वाच. गट नंबर वाच. खालचं राजीखुशीनं हाय ते वाच. मधल्या चार ओळी राहू दे."

मी त्या चार ओळी वाचल्या. तिथेच, भिंतीवर बसून. सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी माझे बंधू यांचे लाभात कायमचा सोडून दिला असून, यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा त्याशी काहीएक संबंध राहिलेला नाही. असं पुढे अजून थोडं. मराठीत दुसऱ्या आलेल्या मुलीला ते कळायला कोश लागत नव्हता. मी अण्णांकडे बघितलं. ते कालव्याच्या तळाकडे बघत होते.

"आत्याला आपण काय रस्त्यावर सोडणारय का?" ते म्हणाले.

नाही, असं मला वाटलं. मनापासून वाटलं. आपले वडील आपल्याशी खोटं बोलतील हे मी तोवर वाचलंसुद्धा नव्हतं.

कचेरीत आम्ही सकाळी गेलो. आत्याने धुतलेलं जांभळं लुगडं नेसलं होतं, पायात आईच्या वहाणा, त्या तिला पुढून अपुऱ्या होत्या. व्हरांड्यात बाकावर बसलो. सवयीने की काय, ती केळीच्या सोपाची एक पट्टी हातात घेऊन आली होती आणि ती बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत बसली होती. रणजित मच्छिंद्रच्या मोटारसायकलवर आरशात केस बघत होता.

आमची पाळी आली. टेबलामागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, बाईंना सही येते का? येत नाही. मग कागद वाचून दाखवला का? अण्णा म्हणाले, पुतणी दाखवतेय. मग दाखवा, मोठ्याने, म्हणजे माझं काम झालं, असं म्हणून त्याने चहाचा कप पुढे ओढला.

मी वाचायला लागले. लिहून देणार, श्रीमती तुळजाबाई, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेती. आत्याची पट्टी बोटाभोवती फिरत होती. गट नंबर. चतुःसीमा, पूर्वेस कालवा. तिने मान हलवली, कालवा बरोबर होता. मग माझे डोळे चार ओळी ओलांडून खाली गेले. आवाज मी तसाच ठेवला. सदरचा लेख मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.

आत्याचा हात थांबला.

पट्टी अर्धी गुंडाळलेली. मी कागदावरून नजर उचलली नाही, पण मला तो हात दिसत होता, नखांच्या कडेला कोथिंबिरीचा हिरवा डाग असलेला. आता म्हणेल, गाळलंस. मी तयार होते. म्हणाली असती तर मी मागे गेले असते, नेहमीसारखी. हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलेय.

ती काही बोलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती एवढं जाणवलं, बराच वेळ. मग पट्टी सोडवून तिने खाली टाकली आणि डावा हात पुढे केला. कारकुनाने अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला, कागदावर दाबला, आणि पुसायला एक चिंधी दिली. आत्याने ती घेतली नाही. बोट लुगड्याला पुसलं. जांभळ्यावर जांभळं, दिसलंच नाही.

येताना अण्णांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. आत्याने अर्धा ग्लास ठेवला.

तिने मला पकडलं नाही, म्हणजे मी सुटले, असं मला वाटलं होतं.

विहीर श्रावणात बुजवली. दगड, मुरूम, पाडलेल्या घरांची चौकटीसकट विटामाती, असं सगळं तिच्यात ओतत होते आणि पाणी वर येत होतं. एवढ्या मोठ्या यंत्राला ते दोन दिवस पुरलं. आत्या शेवग्याखाली उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी शेवगाही नव्हता. मी अण्णांना विचारलं, कुंपण घालणार होते ना? ते म्हणाले, कंपनीचं डोकं फिरलं, आपल्या हातात काय हाय. त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला कळलं, आपल्या हातात असतं तरी हेच झालं असतं.

क्लासला रणजित गेला. बारावीला तो दोनदा गचकला होता, त्यामुळे आधी त्याचं मार्गी लागू दे असं ठरलं. सदाशिव पेठेतून तो संध्याकाळी गॉगल घालून यायचा आणि आईला माउस म्हणजे काय ते सांगायचा. मी भाकरी थापत ऐकायचे. अकरावीलाही मला घातलं नाही. बंगल्याचं काम काढलंय, घरात माणूस पाहिजे. सहा महिने मी वाळू चाळली, विटांवर पाणी मारलं. शाळेला कादंबरी परत करायची राहूनच गेली. पत्र्याच्या पेटीत, आईच्या इरकलाखाली पडून राहिली. शेवटचं प्रकरण वाचायचं बाकी होतं. आत्याने विचारलं नाही, मी काढली नाही.

बंगला झाला. वेगळी खोली म्हणजे जिन्याखालची, जिथे उभं राहिलं की उतरतं छत डोक्याला लागतं. आत्या तिथे राहायला गेली. वाकून आत जायची, वाकून बाहेर यायची. चार महिन्यांनी आम्हाला कळलं की ती कामाला लागलीय. कालव्यालगत कंपनीची पहिली इमारत झाली होती, सगळी निळ्या काचेची, आणि तिच्या पुढ्यात हिरवळ. हिरवळ राखायला ठेकेदाराने बायका घेतल्या होत्या. अण्णा चिडले, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणाले. आत्याने त्यांच्यापुढे नवी चप्पल काढून दाखवली, ठेकेदाराने दिलेली, बेताची बसणारी.

दोन हजार साल आलं. सगळे कंप्युटर बंद पडणार असं रणजित महिनाभर घाबरवत होता. ते काही पडले नाहीत. मला अठरा पूर्ण झाली. फुरसुंगीच्या एका घरी माझं जमलं, आणि लग्नाआधी आठ दिवस अण्णांनी मला लुगड्याऐवजी पंजाबी ड्रेस आणला. गुलाबी. आई एकदम आत निघून गेली. तेव्हा कळलं.

माळावरचा एक तुकडा अजून विकायचा उरला होता, त्यासाठी. वकील म्हणत होता, आता पोरींचीही हक्कसोड लागते. त्याच कचेरीत गेलो. कारकून दुसरा होता. त्याने विचारलं, शिकलेली आहे ना, मग वाचून घे. मी सगळं वाचलं. नाव-गाव, चतुःसीमा, मधल्या ओळी, सगळं. या कागदात त्या सहा होत्या. अण्णा शेजारी उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कालव्यावरच्यासारखंच. क्लासचं काय, असं विचारावंसं वाटलं. लग्न आठ दिवसांवर होतं. मी सही केली, रेघ मारून, दोन टिंबं देऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटीतून कादंबरी काढली आणि कंपनीच्या फाटकावर गेले. पहारेकरी आत सोडेना. एवढ्यात आत्याच आली, जेवणाच्या सुट्टीला. गळ्यात फोटोचं कार्ड. बाहेर येताना पहारेकऱ्याने तिला डबा उघडायला लावला, मग कमरेची किल्लीही काढून दाखवायला लावली. रोज बघतो, तरी रोज विचारतो, आत्या म्हणाली. कशाची किल्ली? पंपाच्या खोलीची. कुठंय खोली? ती बोटाने दाखवते. तिथे मोटारी लावलेल्या असतात. मग तो हसतो आणि सोडतो.

फाटकाबाहेर कुंपणालगत गवताची पट्टी होती, तिथे बसलो. आत हिरवळीवर नळाचे फवारे फिरत होते. तिने डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. हातांना आता कोथिंबिरीचा वास नव्हता. कसल्या तरी औषधाचा होता, आणि बोटांच्या पेरांना चिरा.

"सही केलीस?"

"केली."

"वाचलंस का समदं?"

"वाचलं."

तिने भाकरी चावली. मग मी विचारलं. दोन वर्षं विचारायचं राहिलेलं एकदम बाहेर आलं, की त्या दिवशी तुझा हात थांबला होता. तुला कळलं होतं ना?

"न कळायला काय झालं? चार ओळी व्हत्या. लई मोठी उडी मारलीस."

"मग बोलली का नाहीस? अंगठा का दिलास?"

आत्याने फवाऱ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"दत्तू खोटं बोलतोय ते मला घरातनं निघतानाच ठावं हुतं. त्याच्यासंगं मी भांडले असते. कोर्टात गेले असते, पोलिसात गेले असते. तू वाचशील, अन् मग मी भांडंन, असं धरून आलते." तिने डब्याचं झाकण लावलं, दाबून. "तू गाळलंस. मग म्हटलं, कुणाच्या जिवावर भांडायचं?"

भाकरी हातात तशीच. मी तिला सांगणार होते, की मी तेव्हा सोळाची होते, मला विहीर राहील असं सांगितलं होतं, मला क्लास सांगितला होता. सगळं खरं होतं. पण आत्याच्या समोर ते बाईंनी लिहून दिलेल्या उत्तरासारखं वाटलं. चार गुणांचं.

तिनेच मांडीवरच्या पुस्तकाकडे बघितलं.

"ते काय, कोंडीराम?"

"शेवटचं राहिलंय."

"वाच की मग. भोंगा व्हईस्तवर."

मी वाचायला लागले. कोंडीराम मोठा होऊन गावी येतो, खिशात किल्ली. घराला भाऊबंदांनी दुसरं कुलूप लावलेलं असतं. तो किल्ली लावून बघतो, लागत नाही, परत बघतो. आत्या ऐकत होती. मांडीवर काही नव्हतं तरी तिची बोटं चालत होती. मूठ, वेढा, गाठ. मी एक शब्द गाळत नव्हते. नीट वाचत होते, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याला लागलेलं गवत झाडलं, कार्ड सरळ केलं.

"थोडंच राहिलंय, आत्या. एक पान."

"राहू दे," ती म्हणाली. "आन् नंदे, आता गाळलंस तरी चालंल."

ती फाटकातून आत गेली. पहारेकऱ्याला कमरेची किल्ली दाखवली, आणि फवाऱ्यांच्या पलीकडे वाकून बसली.

शेवटचं पान सगळं ढगांचं होतं. कोंडीराम पायरीवर बसलेला आणि वर ढग, वरपासून खालपर्यंत, दुसरं काही नाही. मी कुंपणाच्या जाळीजवळ उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं. येणारे-जाणारे बघत होते. आत्याचा हात कात्रीवर चालला होता, एवढ्या लांबून तो थांबतो की नाही ते कळत नव्हतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.